बॉनेटखालची साय

फोमकाका भित्रे होते, असं सांगणं म्हणजे समुद्र ओला असतो असं सांगण्यासारखं आहे. गॅरेजांच्या त्या अख्ख्या गल्लीला ते ठाऊक होतं. शिडीची दुसरी पायरी चढायची असली तरी ते खाली कुणाला तरी शिडी धरायला उभं करायचे. दुकान बंद करताना कुलूप तीनदा ओढून बघायचे, दहा पावलं जायचे आणि चौथ्यांदा ओढायला परत यायचे. समोरच्या गॅरेजचा मिस्त्री म्हणायचा, काका, हे कुलूप चोर नाही तोडणार, तुम्हीच तोडणार. काका हसायचे, पण ओढायचं काही सोडायचे नाहीत.

हातात कात्री आली की मात्र हा माणूस वेगळा व्हायचा. गाड्यांच्या सीटा, छताची अस्तरं, दारांच्या आतल्या गाद्या, या कामात काकांचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं. जुनी सीट फाडून नवा फोम बसवायचा तर बाकीचे कारागीर जुना फोम खरवडून पार फळी उघडी करतात. काकांना ते बघवत नसे. ते जुन्या फोमचा नखाएवढा थर मुद्दाम मागे ठेवायचे आणि त्याला साय म्हणायचे. कोऱ्या फळीवर चिकटवायचं सोल्युशन लावलं तर ते नुसतं वर बसतं, सायीवर लावलं तर आत मुरतं आणि फोमला फोम धरतो, असं त्यांच्या गुरूनं त्यांना शिकवलं होतं. तीस वर्षांत त्यांनी चिकटवलेली एकही गादी सुटून आली नव्हती, आणि ज्या एका गोष्टीची त्यांना भीती वाटत नसे ती ही.

बाकी सगळ्या भीतीचं मूळ एका दुपारी होतं. लेक तेव्हा चार वर्षांची. दुकानाच्या कोपऱ्यात चिंध्यांशी खेळत बसली होती, आणि पंख्याच्या वायरमधून उडालेली ठिणगी सोल्युशनच्या उघड्या डब्यात पडली. भडका छताला लागला. काकांनी पोरीला काखेत मारलं आणि रस्त्याच्या पार पलीकडे नेऊन ठेवलं. तिचा केससुद्धा करपला नाही. उलट एवढा मोठा दिवा बघून तिनं टाळ्या पिटल्या. पण काकांच्या पोटात त्या दुपारी जो गोळा आला तो पुढची वीस वर्षं तिथंच मुक्कामाला राहिला.

मग घरात नियम आले. गॅसची कळ दोघांनी बघायची. ओल्या हातानं बटणाला हात लावायचा नाही. अंधार पडायच्या आत घरात. लेक मोठी होऊन समोरच्या मिस्त्रीला उस्ताद म्हणत त्याच्याकडेच इंजिनाचं काम शिकायला लागली तेव्हा काकांना आठवडाभर अन्न गोड लागलं नाही, आणि ती गाडी चालवायला लागली तेव्हा त्यांनी सगळ्यात कडक नियम काढला. गाडी चालवताना फोन जवळ ठेवायचाच नाही. डिकीत टाकायचा, डिकी बंद करायची आणि मगच चावी फिरवायची. लेक प्रत्येक नियमाला "हो बाबा" म्हणायची. इतकी ऐकणारी पोर आपल्या पोटी आली, याचं काकांना मनापासून समाधान वाटे.

तर अशा या काकांकडे एके दिवशी मिस्त्रीनं एक बॉनेट आणून आडवं ठेवलं. गाडी दातांच्या डॉक्टरांची होती. लाल, बुटकी, दोनच माणसांची स्पोर्ट्‌स कार, वय लेकीपेक्षा जास्त. डॉक्टर काम सोडून डोंगरापलीकडच्या गावी राहायला गेले होते आणि गाडी मिस्त्रीकडे दुरुस्तीला ठेवली होती. इंजिन मिस्त्रीनं आणि लेकीनं मिळून धडधाकट केलं. राहिली होती ती बॉनेटच्या आतली गादी. इंजिनाचा आवाज आणि धग अडवायला तिथे फोमचा जाड थर चिकटवलेला असतो. तो इतका लोंबला होता की बॉनेट उघडलं की म्हाताऱ्या उशीचं पोट बाहेर आल्यासारखं दिसे, आणि तपकिरी भुगा इंजिनावर सांडत राही. गाडीत बसलं की पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतं, अशी डॉक्टरांची तक्रार होती.

काकांनी आधी चक्क नाही म्हटलं. सीट म्हणजे सीट, तिथे माणूस बसतो. इथे खाली तापलेलं इंजिन. मिस्त्री म्हणाला, फोम तो फोम, काका, तुमच्याशिवाय कोण करणार. मग काकांनी न पेटणारा, चांदीसारखा वर्ख लावलेला फोम मागवला. तो खरंच पेटत नाही ना, हे दुकानदाराला तीन वेळा विचारलं आणि घरी आणून एक तुकडा चिमट्यात धरून ज्योतीवर पाहिला. नाही पेटला. तेव्हा कुठे ते कामाला लागले. वर्तमानपत्राचा फर्मा कापला, फर्म्यावरून फोम कापला, जुनी गादी पट्टीनं सोलून काढली. आणि हाताला तीस वर्षांची सवय, पत्र्यावर नखाएवढी साय राखली. दोन्ही बाजूंना सोल्युशन लावून, ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबून, मधून कडेकडे दाबत गादी बसवली. कडांना वर्खाची पट्टी मारली. लेक शेजारी उभी राहून कडा दाबत होती. संध्याकाळी ती फारशी बोलली नाही. सकाळी गाडी डॉक्टरांकडे पोचवायला तीच निघणार होती, त्याच विचारात असेल, असं काकांना वाटलं.

सकाळी नऊला ती निघाली. काकांनी टायर हातानं दाबून पाहिले, जरी असं दाबून त्यांना इतक्या वर्षांत कधीच काही कळलं नव्हतं. चढावर घाई करू नकोस, मोठ्या गाडीच्या मागे राहू नकोस, पुढेही राहू नकोस, असं सगळं सांगून झालं. लेकीनं फोन डिकीत टाकला, हात केला आणि गेली. बॉनेटच्या गादीनं आवाज असा काही गिळला होता की गाडी वळणावरून नाहीशी झाली तरी गल्लीत कुणाला कळलं नाही. मिस्त्रीनं काकांची पाठ थोपटली. काकांना बरं वाटलं.

ते बरं वाटणं सव्वादहापर्यंत टिकलं. त्या गाडीचा एक तुकडा मागे राहिला होता. रेडिएटरवरचं हातभर लांबीचं झाकण. त्याच्या क्लिपा तुटल्या होत्या, नव्या आल्या की मग पाठवू, असं ठरलं होतं. त्याच्याही आतून फोम होता आणि काकांनी तोही त्याच दिवशी, त्याच हातानं बदलला होता. झाकण दुकानामागच्या घराच्या अंगणात पत्र्याच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं आणि सकाळचं ऊन थेट त्यावर येत होतं. कागदात गुंडाळून आत ठेवावं म्हणून काकांनी ते उचललं. झाकण हातात आलं आणि गादी जमिनीवर राहिली.

काकांना आधी काही कळलंच नाही. त्यांनी गादी उलटी केली. मागे त्यांचं सोल्युशन जसंच्या तसं होतं, एक ठिपका सुटला नव्हता. त्यावर साय चिकटलेली होती. साय पत्र्यावरून सुटली होती. त्यांनी तिला बोट लावलं तर बोटाला तपकिरी भुगा आला आणि तेलाचा वास आला. तीस वर्षं इंजिनाची धग आणि तेलाची वाफ खाऊन त्या जुन्या फोमची आतून माती झाली होती. वरून तो धड दिसत होता, एवढंच. सीटमधला फोम असा होत नाही, कारण सीटखाली इंजिन नसतं. नुसत्या सकाळच्या उन्हानं ही गादी खाली आली होती. बॉनेटखाली ऊन नव्हतं, बॉनेटखाली इंजिन होतं, आणि ते डोंगर चढत होतं.

काका तिथेच अंगणात उकिडवे बसले. नवा फोम पेटणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्याच्या पाठीवर तेलात मुरलेली साय होती, आणि सायीवर त्यांचं सोल्युशन होतं, तेच, ज्याचा भडका त्यांनी एकदा छताला लागलेला पाहिला होता. गादी लोंबणार, एक कोपरा सुटणार, आणि तो कोपरा धुराच्या लालभडक तापलेल्या नळीवर जाऊन पडणार. लेकीला आत काय कळणार? आवाज येऊ नये म्हणूनच तर गादी लावली होती.

त्यांनी फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. चौदा वेळा लावला, आणि चौदाही वेळा त्यांच्या डोळ्यांसमोर तो फोन डिकीत, चटईखाली, उजेड पाडत वाजताना दिसला. नियम त्यांचाच होता. पोर ऐकणारी होती. आयुष्यात पहिल्यांदा काकांना वाटलं, की हिनं एकदा तरी आपलं ऐकलं नसतं तर.

बायको बाहेर आली. काकांनी तिला झाकण दाखवलं, गादी दाखवली, तुटक तुटक चार शब्द सांगितले. ती रडली नाही. "मग इथे बसून काय करताय?" एवढंच म्हणाली.

मिस्त्रीनं पिकअप काढली. तो बिचारा सगळा रस्ताभर बोलत होता. इंजिन मी आणि पोरीनं मिळून बांधलंय, फार तापायचं नाही. पोर हुशार आहे. गादी पडली तरी वर्खाची बाजू खाली पडेल, वर्ख धग सोसतो. काकांच्या कानात यातलं काही शिरत नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष काट्याकडे होतं. एरवी पिकअप चाळीसच्या वर गेली की ते दाराची कडी धरून डोळे मिटायचे. आज ते म्हणाले, "जोरात चल." मिस्त्रीनं वळून त्यांच्याकडे पाहिलं. काका पुन्हा म्हणाले, जोरात, आणि मिस्त्रीनं पाय दाबला. तोवर मिस्त्रीला भीती वाटत नव्हती. काकांना वेगाची भीती वाटत नाही हे बघून त्याचंही धाबं दणाणलं.

चढ सुरू झाला. एका बाजूला कडा, एका बाजूला दरी. तिसऱ्या वळणावर धूर दिसला. काळा, जाड, झाडांच्या वर आलेला. काकांनी नुसतं बोट दाखवलं. मिस्त्रीनंही पाहिलं होतं आणि त्यानं पिकअप अशी दामटली की मागच्या अवजारांचा खडखडाट झाला. वळण संपलं तर रस्त्याचं काम चाललेलं. डांबराचं पिंप उकळत होतं आणि तिघेजण फावडी टेकून उभे होते.

मिस्त्रीनं काच खाली करून लाल गाडीचं विचारलं. हो, गेली ना, फावडेवाला म्हणाला. इथेच थांबली होती. पोरीनं बॉनेट उघडलं, वाकून बघितलं, बंद केलं आणि गेली. अर्धा तास झाला असेल.

थांबली होती म्हणजे काहीतरी झालं होतं. बॉनेट उघडलं म्हणजे वास आला होता. आणि मग ती पुढे गेली होती, का गेली, काय बघून गेली? मिस्त्री म्हणाला, काही नसेल काका, सवयीनं बघितलं असेल. काकांनी हात जोडले, पण कुणाला जोडले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. डोळ्यांपुढे सारखी ती चार वर्षांची पोर येत होती. तेव्हा आगीपासून ती सहा पावलांवर होती, काखेत मारून नेण्याइतकी हलकी होती. आज ती अर्धा तास पुढे होती, आणि आग त्यांनी स्वतः, कडा नीट दाबून, तिच्यासमोर बसवून दिली होती.

डोंगराचा माथा जवळ आला तेव्हा गाडी दिसली.

ती रस्त्याच्या कडेला, दगडी कठड्याला लागून उभी होती. बॉनेट उघडं. चालकाकडचं दार उघडं. आत कुणी नाही. पिकअप पुरती थांबायच्या आत काकांनी उडी मारली, गुडघ्यावर पडले, उठले. जळक्याचा वास येत होता. गाडीपुढे जमिनीवर त्यांची गादी पडली होती, वर्खाची बाजू खाली, आणि तिचा एक कोपरा ताटाएवढा काळा होऊन आक्रसला होता. सीटवर लेकीची ओढणी होती. काका कठड्याकडे गेले. कठड्यापलीकडे बघायचं त्यांना धाडस होईना, आणि न बघता उभं राहणंही होईना.

"बाबा?"

लेक खालच्या पायवाटेनं वर येत होती. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हाताला ओला रुमाल गुंडाळलेला. खाली झरा होता, तिथे हात बुडवायला गेली होती. तळव्याला चटका बसला होता, फोड आला होता, बाकी ती नखशिखांत धड होती. काका कठड्यावर मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडले. मिस्त्रीनं उगाच इंजिनात डोकं घातलं आणि बराच वेळ काढलं नाही.

जरा वेळानं लेकीनं सांगितलं. माथ्याखाली ती थांबली, बॉनेट उघडलं तर कोपरा नळीवर टेकलेला, धूर नुकता सुरू झालेला. तिनं हातानंच ओढून सगळी गादी खाली काढली, पायानं विझवली.

"चूक माझी आहे," काका म्हणाले. "मी साय ठेवली."

"ठाऊक आहे."

"भुगा बघितलास ना पाठीवर?"

"आत्ता नाही," लेक म्हणाली. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, रुमालाची गाठ सोडून पुन्हा बांधत होती. "काल तुम्ही सोल्युशन लावत होतात तेव्हाच बघितलं. तेल मुरलं होतं त्यात. पत्रा स्वच्छ केल्याशिवाय त्यावर काही चिकटवायचं नाही, हे उस्तादांनी मला पहिल्याच महिन्यात शिकवलंय."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही मला जाऊ दिलं नसतं. आज नाही, आणि परत कधीच नाही. म्हणून ठरवलं, दर अर्ध्या तासानं थांबून बघायचं. तशी थांबतच आले."

सकाळपासून जी भीती उरात घेऊन काका डोंगर चढले होते, ती सगळी आगीची होती. आता त्यांना वेगळीच भीती वाटली, आणि ती जास्त खोल गेली. बापाशी एक वाक्य बोलण्यापेक्षा या पोरीला लोंबत्या गादीखाली डोंगर चढणं सोपं वाटलं होतं. त्यांनी तिच्यासाठी इतके नियम केले, इतक्या कळा बघितल्या, आणि तिच्या जिवावर बेतलेली गोष्ट तिनं त्यांच्यापासूनच लपवली. वीस वर्षांचे सगळे "हो बाबा" त्यांना एकदम ऐकू आले. त्यांतले किती खरे होते कोण जाणे.

"आणखी काय काय सांगितलं नाहीस मला?" त्यांनी विचारलं.

लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग रस्त्याकडे पाहिलं. "बरंच आहे," ती म्हणाली.

मिस्त्रीचं इंजिन तपासून झालं होतं. वायरी शाबूत होत्या, बॉनेट आता नुसता पत्रा होता, जळण्यासारखं त्याखाली काही उरलं नव्हतं. गाडी बिनघोर जाईल, फक्त बोंब मारत जाईल, असा त्यानं निकाल दिला. गादी पिकअपमध्ये टाकली आणि काकांसाठी दार उघडून धरलं. काका म्हणाले, तू हो पुढे. घरी फोन करून सांग, पोर ठीक आहे.

आणि ते त्या बुटक्या गाडीत बसायला गेले. आधी पाय घातला, मग डोकं घालावं की कमर, याचा घोळ झाला, शेवटी लेकीनं ढकललं तेव्हा बसले. चावी फिरली तसा इंजिनाचा आवाज सगळा आत आला. काकांनी दाराची कडी दोन्ही हातांनी धरली. दोन वळणं गेली, तिसरं गेलं. लेकीचा चटका बसलेला हात चक्रावर अलगद टेकलेला होता. मग रस्त्यावरची नजर न हलवता ती मोठ्यानं म्हणाली, "मला डोंगरापलीकडच्या वर्कशॉपमध्ये नोकरी मिळाली आहे. पुढच्या महिन्यापासून. मी तिकडेच राहणार आहे."

काकांना शब्दन्‌शब्द ऐकू आला होता. तरी ते म्हणाले, "काय?"

लेकीनं पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा मोठ्यानं.